बोनाफाईड दाखला आणि दुबईचे कार्ड



आपल्या शाळेच्या कार्यालयातून वर्षभरात बोनाफाईड दाखले पुष्कळ जातात. कोणाला शिष्यवृत्तीसाठी हवा असतो, कोणाला कदंबच्या पाससाठी, कोणाला बँकेत खाते उघडायला. चवथीनंतर मात्र एक पालक आले आणि म्हणाले, "सर, दाखला इंग्रजीत द्या आणि मुलाचा पार्सेचा पत्ता त्यात स्पष्ट येऊ द्या. गेमच्या कंपनीला पाठवायचा आहे." मी आधी हसलो. नंतर हकीकत ऐकली तेव्हा हसू मावळले. त्या मुलाची आणि पालकांची परवानगी घेऊन, नाव न देता, ती इथे मांडतो, कारण आपल्या गावातले निदान चार-पाच मुलगे याच वाटेवर आहेत असे मला त्यानंतर कळले.

मुलगा नववीत आहे. त्याचे मामा दुबईला नोकरीला. चवथीसाठी मोपा विमानतळावर उतरले ते भाच्यासाठी २०० दिरहमचे गेमचे कार्ड घेऊन. आपल्या पैशांत साडेचार हजारांच्या घरात. कार्डाच्या मागे खरवडून काढायचा आकडा असतो, तो गेमच्या दुकानात, म्हणजे मोबाईलवरच्या किंवा टीव्हीच्या यंत्रावरच्या दुकानात, टाकला की तेवढे पैसे खात्यात जमा होतात. मुलाने आकडा टाकला. उत्तर आले की हे कार्ड या देशातल्या खात्याला चालत नाही. मामा परत गेल्यावर दुकानात विचारायला गेले तर दुकानदार म्हणाला, खरवडलेले कार्ड परत घेत नाही. त्याचेही चूक म्हणता येत नाही.

मग मुलाला एका मोठ्या मित्राने उपाय सांगितला. खात्यातला देश बदल, मामाचा नाही तर कोणता तरी दुबईचा पत्ता टाक, आणि व्हीपीएन लाव, म्हणजे तू दुबईतच बसला आहेस असे त्यांना वाटेल. मुलाने तसे केले. कार्ड चालले, गेम आला, घरी दोन दिवस आनंद झाला. आठवड्याने खाते बंद पडले. नवा गेम तर गेलाच, पण त्याआधीच्या तीन वर्षांत वाढदिवसाला, पाडव्याला, वडिलांनी स्वतःच्या कार्डाने रीतसर पैसे भरून घेऊन दिलेले सगळे गेमही त्याच खात्यात अडकले. कंपनीने लिहिले की तुम्ही नेमके कुठे राहता याचा पुरावा पाठवा. आणि म्हणून बोनाफाईड दाखला.

मी त्या मुलाला बोलावून घेतले. रागावण्याच्या तयारीतच होतो. तो म्हणाला, "सर, मी कोणाचे चोरले नाही. पैसे मामानेच भरले होते, तेही पूर्ण." या वाक्याला माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते. हा लेख त्या उत्तराच्या शोधात लिहीत आहे असे समजा.

हे कुलूप नवे नाही, हे प्रथम सांगतो. आखातातून येणाऱ्या माणसांनी आपल्या पेडणे तालुक्यात व्हीसीआर आणला, पुढे डीव्हीडी आणली, तेव्हाच ते आले होते. सिनेमाच्या कंपन्यांनी जगाचे भाग पाडून डीव्हीडीला क्रमांक दिले होते. अमेरिका आणि कॅनडा १, युरोप, जपान व आखाती देश २, भारत ५. म्हणजे दुबईच्या दुकानातून सरळ पैसे मोजून घेतलेली अस्सल डीव्हीडी इथल्या नियमाने बनवलेल्या यंत्रावर लागू नये अशी व्यवस्था होती, आणि नकली, पाच सिनेमे एकत्र भरलेली तबकडी मात्र कोणत्याही यंत्रावर मजेत चालत असे! प्रामाणिक गिऱ्हाईकाला शिक्षा आणि दुसऱ्याला मोकळे रान, हे त्या वेळीही लोकांना कळत होते. पुष्कळ दुकानदार यंत्र विकतानाच त्याचे कुलूप काढून देत.

गंमत अशी की गेमच्या तबकड्यांचे कुलूप पुढे बरेचसे निघाले. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ वर किंवा २०१७ च्या निन्टेन्डो स्विचवर एका देशात घेतलेला गेम दुसऱ्या देशातल्या यंत्रावर साधारणपणे चालतो. मामांनी कार्डाऐवजी तबकडी आणली असती तर बहुधा काही अडले नसते. पण वस्तू हातात धरता येईनाशी झाली, नुसती तारेतून यायला लागली, तेव्हा कुलूप दुसऱ्या दाराने परत आले. आता ते तबकडीला नाही, खात्याला आहे. गुगल प्लेचे कार्ड घ्या, अॅपलचे घ्या, गेमच्या यंत्रांची कार्डे घ्या. ज्या देशाचे कार्ड, त्याच देशाचे खाते लागते.

कंपन्या असे का करतात? नुसता हावरटपणा म्हणून मोकळे होता येईल, पण ते खरे नाही, आणि मुलांना अर्धे सत्य शिकवणे मला पटत नाही. कारण दरात आहे. संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीम या दुकानात आपल्याकडे २०१५ च्या नोव्हेंबरपर्यंत डॉलरमध्येच भाव असत. त्या महिन्यात रुपयात भाव आले आणि पुष्कळ गेम अमेरिकेच्या मानाने बरेच स्वस्त झाले. इथल्या माणसाची मिळकत पाहून लावलेला हा भाव आहे. आता हाच गेम जर्मनीतल्या माणसाला इथल्या भावात मिळू लागला तर तिथे पूर्ण दराने कोण घेईल? आणि मग कंपनी इथला भाव तरी कशाला खाली ठेवील? तुर्कस्तान आणि अर्जेंटिना यांचे असेच काहीसे झाले. तिथले भाव फार खाली होते, आणि दूरदूरचे लोक खोटे पत्ते टाकून तिथले गिऱ्हाईक बनत होते. २०२३ च्या नोव्हेंबरात स्टीमने त्या दोन्ही देशांचे स्वतःच्या चलनातले भाव बंद करून डॉलरचे भाव लावले. कंपनीने कारण दिले ते त्यांच्या चलनाच्या अस्थिरतेचे. पण सोसावे लागले ते तिथल्या खऱ्या रहिवाशांना, ज्यांनी काहीच खोटे केले नव्हते.

आपल्या पालकांना हे दुसऱ्या एका वस्तूवरून लवकर समजेल. मुलगा किंवा मुलगी विज्ञानाला, अभियांत्रिकीला गेली की घरात विदेशी प्रकाशकांची जाडजूड पुस्तके येतात. त्यांच्या वेष्टनावर छापलेले असते की ही आवृत्ती फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश वगैरे देशांत विक्रीसाठी आहे. तेच पुस्तक अमेरिकेत कितीतरी पट महाग असते. तो छापील इशारा म्हणजे हेच कुलूप. त्या कुलपामुळेच आपल्या मुलांना ते पुस्तक परवडते, हे आपण विसरतो. सुपाप किर्तसेंग नावाचा थायलंडचा विद्यार्थी अमेरिकेत शिकायला गेला होता. त्याने घरच्यांकडून थायलंडमधल्या स्वस्त आवृत्त्या मागवल्या आणि अमेरिकेत विकल्या. जॉन वायली या प्रकाशकाने खटला भरला, खालच्या न्यायालयात त्याला ६ लाख डॉलरचा भुर्दंड बसला, पण २०१३ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. एकदा रीतसर विकत घेतलेले पुस्तक पुढे विकण्याचा हक्क घेणाऱ्याचा, मग ते कुठल्या का देशात छापलेले असेना, असा त्याचा आशय. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली, त्याच प्रकाशकाच्या दाव्यात, भारतातल्या स्वस्त आवृत्त्या परदेशी पाठवण्यास मनाई केली होती. दोन मोठ्या न्यायालयांना एकाच प्रश्नावर वेगळे वाटू शकते, तर नववीतल्या मुलाचा गोंधळ उडाला यात नवल नाही.

गोव्याला तर सीमेवरच्या भावाचा धडा कोणी शिकवायला नको. १९६१ पूर्वी पत्रादेवीला दोन देशांची सीमा होती, आणि इकडचा विदेशी माल तिकडे नेताना काय सोसावे लागे याच्या गोष्टी आपल्या आजी-आजोबांनी सांगितल्या आहेत. त्यानंतर सीमा राहिली ती राज्याची. २०१२ साली मनोहर पर्रीकर यांनी अर्थसंकल्पात पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा लिटरमागे सुमारे ११ रुपये उतरले. बांदा, सावंतवाडीच्या गाड्या आपल्या पंपांवर येऊ लागल्या. पंपवाल्याने कोणाला तुमचे रेशनकार्ड दाखवा असे विचारले नाही. गाडी गोव्यात आली, पैसे मोजले, टाकी भरली, की ते पेट्रोल गाडीवाल्याचे झाले.

आता याच उदाहरणाची उलटी बाजू पाहा. समजा, त्या वर्षी पेडण्याच्या एखाद्या माणसाने बांद्याला जाऊन महाग पेट्रोल भरले आणि टाकी घेऊन तो घरी आला. त्याला कोणी अडवील का? कशाला अडवील? नुकसान कोणाचेच नाही, झाले तर त्याचे स्वतःचेच. आमच्या विद्यार्थ्याच्या मामांनी नेमके हेच केले. महाग देशात पैसे भरले आणि वस्तू स्वस्त देशात पाठवली. स्वस्ताई चोरून नेण्याची जी भीती, तिचा इथे मागमूसही नाही. तरी कुलूप दोन्ही बाजूंनी तसेच.

माझे मत इथे येऊन ठरते. स्वस्त देशातून महाग देशाकडे माल वाहू नये म्हणून घातलेला बांध मला मान्य आहे, कारण त्या बांधाच्या आत आपणच राहतो. उलट दिशेने येणाऱ्या भेटीला तोच बांध आडवा घालणे मला मान्य नाही. स्टीमने २०१७ साली भेट देण्याचे नियम बदलले, तेव्हा दोन देशांच्या भावात फार फरक असेल तर भेट पाठवता येणार नाही असे ठरवले. त्यातला हेतू समजतो. पण ज्याच्या घरची अर्धी माणसे आखातात, काही बोटीवर, काही इंग्लंडला, अशा गोव्यातल्या घराला 'दुसऱ्या देशातून आलेली भेट' म्हणजे काही संशयास्पद व्यवहार नव्हे, ती चवथीची रीत आहे.

कंपनीची बाजू घेऊन कोणी म्हणेल की करांचा प्रश्न आहे. आहे खरा. संयुक्त अरब अमिरातीत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे, आपल्याकडे अशा खरेदीला जीएसटी लागतो, आणि विक्री कोणत्या देशात झाली हे ठरवल्याशिवाय कर कोणाला भरायचा ते कळत नाही. शिवाय अशी कार्डे म्हणजे फसवणूक करणाऱ्यांचे आवडते साधन. फोन करून घाबरवायचे आणि कार्डाचे आकडे मागून घ्यायचे, हा धंदा जगभर चालतो. तेव्हा सगळे खुले करा असे मी म्हणत नाही. पण कर कापून घ्या, फरकाची रक्कम घ्या, चार प्रश्न विचारा आणि भेट पोहोचू द्या, एवढे जमण्यासारखे आहे. ज्यांना पार्सेतला मुलगा दुबईत नाही हे आठवड्यात ओळखता येते, त्यांना एवढे जमू नये?

युरोपात याच विषयावर सरकारने लक्ष घातले. पोलंड, हंगेरी, रुमानिया यांसारख्या पूर्वेकडच्या देशांत गेम स्वस्त होते आणि तिथे घेतलेले गेम पश्चिमेकडे चालू नयेत असा बंदोबस्त स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने पाच गेम प्रकाशकांशी मिळून केला होता. २०२१ च्या जानेवारीत युरोपियन आयोगाने या सहांना मिळून ७८ लाख युरोचा दंड केला. व्हॉल्व्ह न्यायालयात गेली, तिथे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये हरली. एकच बाजारपेठ म्हणवता तर आतल्या आत भिंती कशा, असा तो मुद्दा. तो आपल्या प्रकरणाला जसाच्या तसा लागू नाही, कारण भारत आणि अमिरात एक बाजारपेठ नाहीत. पण सरकारने विचारले तर कंपनीला उत्तर द्यावे लागते, एवढे त्यावरून दिसते. गिऱ्हाईकांनी विचारले तरी कधी कधी द्यावे लागते. २०२४ च्या मे महिन्यात सोनीने हेलडायव्हर्स २ या गेमच्या संगणकावरच्या खेळाडूंना आपले खाते जोडणे सक्तीचे केले. ज्या देशांत सोनीचे खाते काढताच येत नाही अशा दीडशेहून अधिक देशांत पैसे भरून गेम घेतलेले लोक बाहेर पडणार होते. इतका ओरडा झाला की काही दिवसांतच सक्ती मागे घ्यावी लागली.

आता त्या मुलाच्या वाक्याकडे येतो. त्याने चोरी केली नाही, हे मला मान्य आहे आणि मी ते त्याला त्याच्या वडिलांच्या समोर सांगितले. पण त्याने पत्ता खोटा लिहिला. स्टीमसारख्या दुकानाच्या करारात स्पष्ट लिहिलेले असते की राहण्याचे ठिकाण लपवण्यासाठी असली साधने वापरणार नाही असे तुम्ही कबूल करता. बाकीच्या दुकानांच्या अटीही याच वळणाच्या असतात. त्याने 'मान्य आहे' वर बोट ठेवले होते. वाचले होते का? नाही. त्याच्या वडिलांनी? नाही. खरे सांगायचे तर मीही या निमित्ताने पहिल्यांदाच वाचले. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. ते वकिली इंग्रजी मला आमच्या इंग्रजीच्या बाईंना शेजारी बसवून, एका दुपारचा दीड तास घालवून उलगडावे लागले. त्या वयाच्या मुलाने ते वाचून समजून मान्य केले असे म्हणणे हीसुद्धा एक प्रकारची खोटी नोंदच आहे, आणि ती त्या मुलाची नाही.

शिक्षेविषयीही माझी तक्रार आहे. कदंबच्या गाडीत चुकीचा पास सापडला तर कंडक्टर दंड करील, खाली उतरवील. तुमच्या घरी येऊन गेल्या तीन वर्षांत तुम्ही विकत घेतलेल्या वह्या-पुस्तके उचलून नेणार नाही. इथे तेच झाले. आणि ते होऊ शकले, कारण जे आपण 'विकत घेतले' म्हणतो ते करारात विकत दिलेलेच नसते, नुसते वापरायला दिलेले असते. तबकडी भावाला देता येते, मित्राला देता येते, म्हापशाच्या बाजारात विकताही येते. खात्यातला गेम यातले काहीच होत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२५ पासून असा कायदा लागू केला आहे की अशा वस्तूवर 'खरेदी करा' असे लिहायचे तर हा फक्त वापराचा परवाना आहे हेही गिऱ्हाईकाला ठळक सांगावे लागेल. आपल्याकडे तसा नियम झाला तर मी तरी स्वागत करीन. कार्डाच्या दर्शनी बाजूवर, जिथे रंगीत चित्र असते तिथेच, कोणत्या देशाच्या खात्याला चालेल ते मोठ्या अक्षरांत हवे. आमच्या मामांच्या कार्डावर ते होते. पाठीमागे, भिंगातून वाचावे एवढ्या अक्षरात.

पालकांना चार गोष्टी सांगून ठेवतो, कारण दिवाळी आणि नाताळ येतील तसे पाहुणेही येतील. परदेशातल्या नातेवाइकांना कळवा की कार्ड आणू नका. द्यायचेच असेल तर पैसे बँकेतून पाठवा आणि इथले कार्ड इथे घ्या, किंवा तबकडी आणा आणि पावती जपून ठेवा. तबकडी आणली तरी त्या गेमचे पुढचे जोडभाग इथल्या खात्यातून कधी कधी जुळत नाहीत, तेवढे आधी विचारून घ्या. तुमचे स्वतःचे बँकेचे कार्ड परदेशी दुकानात चालले नाही तर दर वेळी कंपनीला दोष देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते आपण चालू करून घ्यायचे असतात. आणि मुलाच्या खात्यात देश कोणता आणि जन्मतारीख कोणती टाकली आहे, हे आज रात्री एकदा त्याच्या शेजारी बसून पाहा. देशापेक्षा जन्मतारखेची थाप जास्त घरांत निघेल असा माझा अंदाज आहे.

व्यवस्थापन समितीला एक विनंती आहे. येत्या पालकसभेत अर्धा तास या विषयाला द्यावा. बँकेत काम करणारे आपले एक माजी विद्यार्थी बोलायला तयार आहेत. "गेमसारख्या विषयाला सभेत वेळ कशाला?" असे काही सदस्य म्हणतील याची मला कल्पना आहे. मीही मागच्या वर्षी तसेच म्हणालो असतो. पण आपली मुले पहिला करार बँकेत किंवा नोकरीत करत नाहीत, ती चौदाव्या वर्षी गेमच्या दुकानात करतात, आणि आपण त्या वेळी बाजूला नसतो.

दाखला मी दिला. इंग्रजीत, शिक्का मारून, पार्से, तालुका पेडणे, गोवा असा पत्ता घालून. देताना मुलाला सांगितले की या कागदाने तू इथे राहतोस हे सिद्ध होईल, आणि त्याबरोबर दुबईचा पत्ता खोटा होता हेही. म्हणून सोबत तुझ्या हाताने तसे लिहून पाठव. त्याने लिहिले. इंग्रजीत चार ओळी, दोन स्पेलिंगच्या चुका, मी त्या तशाच ठेवल्या. दीड महिना झाला, कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही.

दाखल्याच्या वहीत 'कशासाठी' असा एक रकाना आहे. आमचे कारकून पेन उघडून बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. शेवटी त्यांनी 'इतर' असे लिहिले.